पुण्याहून ठेंगणा डोंगर: डंकरी बीकन पहिल्यांदा चढताना

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात एक्समूर नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातला सगळ्यात उंच माथा म्हणजे डंकरी बीकन, ५१९ मीटर. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर वसलंय. म्हणजे कोथरूडमध्ये तळमजल्यावर गादीवर लोळत पडलेला माणूससुद्धा डंकरीच्या टोकापेक्षा उंचावर असतो. हे गणित मी माझ्या बाबांना सांगितलं आणि तिथेच चुकले. बाबा साताऱ्याचे, अजिंक्यतारा म्हणजे त्यांचं सकाळच्या फिरण्याचं अंगण. "मग बूट कशाला गं? चपलेवर जाऊन येऊ," म्हणाले.

चपलेवर गेलो नाही. पण उन्हाळ्यात इकडे इंग्लंडला मुलांकडे आलेले आईबाबा, नुकतेच नोकरीसाठी आलेले जोडीदार, किंवा 'चार दिवस गावाकडे जाऊया' म्हणून कॉटेज घेतलेले मित्र, सगळ्यांचा पहिला अंदाज हाच असतो. सह्याद्रीत धोका समोर दिसतो: कडा असतो, घसारा असतो, डोक्यावर ऊन असतं. मूरवर तसं काहीच दिसत नाही. गोलसर पाठीचा, शांत बसलेल्या म्हशीसारखा डोंगर असतो, आणि माणूस गाफील राहतो. डंकरी चढायला सोपा आहे, यात वादच नाही. पण तो उंचीने नाही, हवेने दमवतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी मूर म्हणजे काय ते

मूर म्हणजे उंचावरचं, झाडं नसलेलं, ओलसर माळरान. कोकणातला सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना मोकळेपणाची कल्पना येईल, फक्त इथे जांभा नाही. इथे पायाखाली काळपट, स्पंजासारखी माती असते. थंड, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत वनस्पती पूर्ण कुजत नाहीत, त्यांचे थरावर थर साठत जातात, त्याला पीट म्हणतात. वर हेदरची गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, काटेरी पिवळ्या फुलांचं गॉर्स आणि उतारांवर ब्रॅकन नावाचा नेचा.

हे सगळं 'अस्पर्श निसर्ग' वगैरे नाही बरं का. इथे पूर्वी झाडी होती. कांस्ययुगाच्या सुमारास माणसांनी ती तोडली, मग हजारो वर्षं गुरं, मेंढ्या आणि घोडी चरत राहिली. आजही हिवाळ्याच्या शेवटी जुनं हेदर ठरवून, थोडंथोडं जाळतात. इकडे त्याला 'स्वेलिंग' म्हणतात. आपल्याकडच्या राब भाजण्याची आठवण होते. हेतू वेगळा, धूर तोच.

कधी जावं

ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरची सुरुवात. तेव्हा हेदर फुलतं आणि अख्खा डोंगर जांभळा होतो. गंमत म्हणजे कासच्या पठारावरचा बहरही साधारण याच सुमाराला सुरू होतो. बाबांना इथे आणायला मी मुद्दाम ऑगस्ट निवडला तो त्यामुळेच. कासला चालत जाणारा माणूस, त्याला फुलांचं काय कौतुक असणार असं वाटलं होतं. पण कासला फुलं जवळून, वाकून बघावी लागतात, आणि इथे रंग क्षितिजापर्यंत एकसारखा पसरलेला असतो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत दुर्मिळ आहे.

मे-जूनही छान. चंडोल डोक्यावर गात असतात, दिवस रात्री साडेनऊपर्यंत उजेडाचा असतो. ऑक्टोबरात तांबड्या हरणांच्या नरांचं डुरकणं ऐकू येतं, तेही ऐकण्यासारखं. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहिल्यांदा जाऊ नका. दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि जेवून निघालेला मराठी माणूस तेव्हा जेमतेम वर पोचलेला असतो.

ऑगस्ट म्हटलं म्हणून उन्हाळा समजू नका. इथला पाऊसही आपल्यासारखाच नैऋत्येकडून येतो, फक्त अटलांटिकवरून येतो आणि त्याला जून-सप्टेंबरचं बंधन नाही. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा, म्हणजे मेट ऑफिसचा अंदाज बघा. त्यात नुसता पाऊस बघून थांबू नका. वाऱ्याचा वेग आणि दृश्यमानता हे दोन रकाने जास्त महत्त्वाचे. ढग डोंगरमाथ्यावर टेकलेले असतील तर त्या दिवशी खाली हॉर्नरच्या जंगलात फिरा. तिथले जुने, शेवाळलेले ओक धुक्यात उलट जास्त सुंदर दिसतात.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

थोडक्यात सांगते. राहायला पोर्लॉक, डन्स्टर किंवा माइनहेड, आणि अगदी शांतता हवी असेल तर व्हेडन क्रॉसच्या आसपासची शेतावरची कॉटेजं. रेल्वेने टॉन्टनपर्यंत येता येतं, पुढे माइनहेडपर्यंत बस आहे, पण त्यानंतर डोंगराच्या पायथ्याशी जायला गाडीच बरी. गाडी भाड्याने घेताना लहान घ्या. इथले रस्ते दोन्ही बाजूंनी उंच कुंपणाच्या झुडपांत बुडालेले आणि एकाच गाडीपुरते असतात. समोरून ट्रॅक्टर आला की मागे कोण जाणार हे ठरलेलं असतं. तुम्हीच. रिव्हर्सचा हात साफ नसेल तर आधी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये सराव करा, हे मी चेष्टेने म्हणत नाही.

पोर्लॉक गावाबाहेरचा मोठ्या रस्त्यावरचा चढ चारास एक आहे, म्हणजे चार मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्याने तिथे हौस करू नये. शेजारून वळणावळणाचा टोलरस्ता जातो, थोडे पैसे द्यावेत आणि शांतपणे जावं.

पबमधलं स्वयंपाकघर लवकर बंद होतं. डोंगरावरून साडेआठला खाली येऊन गरम जेवण मिळेल अशा आशेवर राहू नका. खोलीवर मॅगी किंवा खिचडीचं सामान असू द्या.

अंगावर काय, पाठीवर काय

जीन्स नको. हे मी सगळ्यांना तीनदा सांगते आणि तरी एक जण घालून येतोच. जीन्स भिजली की जड होते, वाळत नाही, आणि वारा लागला की मांड्या बधिर होतात. कुठलीही सिंथेटिक ट्रॅकपँट चालेल. वर एकच जाडजूड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला: आतला घाम धरून न ठेवता बाहेर सोडणारा, मधला फ्लीस किंवा लोकरीचा, बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा. चढताना एक काढायचा, वर बसलात की लगेच परत घालायचा. घाम आलेला असताना 'मला थंडी वाजत नाही' असं वाटतं, आणि दहा मिनिटांनी दात वाजायला लागतात. छत्री गाडीतच ठेवा. ती माथ्यावर एका झटक्यात उलटी होते, आणि मोडक्या तारा गोळा करत माळावर धावावं लागतं.

बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे, आणि मुख्य म्हणजे आधी वापरलेले. नवेकोरे बूट सुट्टीच्या पहिल्याच दिवशी घालणं म्हणजे टाचेला फोड आणायचं आमंत्रण. सुट्टीआधी दोन आठवडे बाजारहाटाला घालून फिरा. जुलैतसुद्धा पातळ हातमोजे आणि कानटोपी खिशात असू द्या. आईने कानटोपी आणलीच होती. ती कुठेही जाताना आणते आणि आम्ही हसतो. डंकरीवर कोणी हसलं नाही.

पाठीवरच्या पिशवीत माणशी लिटरभर पाणी, थर्मासात चहा, शिट्टी, डोक्याला बांधायचा टॉर्च, बँडेज, चार्ज केलेली पॉवर बँक. आणि खाणं. सह्याद्रीत गडावर झोपडीत पिठलं-भाकरी, ताक, लिंबूसरबत मिळतं, त्या सवयीने इथे जाऊ नका. डंकरीवर दुकान नाही, टपरी नाही, संडास नाही, आडोसा म्हणावं असं झाडही नाही. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणच्याची फोड, डिंकाचे लाडू आणि सफरचंदं असतात. सँडविचपेक्षा पुरी बरी. ती पिशवीत दबली तरी पुरीच राहते.

नकाशा

फोनवरचा नेहमीचा नकाशा इथे कामाचा नाही. त्यात रस्ते दिसतात, पायवाटा फारशा दिसत नाहीत, आणि रेंज गेली की तेही जातं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्समूरचा कागदी नकाशा घ्या, क्रमांक ओएल ९. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, त्यात कुंपणाची भिंतसुद्धा काढलेली असते. त्यांचं ॲपही आहे. ते घेतलंत तर तो भाग घरूनच उतरवून ठेवा. आणि एक साधं होकायंत्र. वापरायला शिकायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास खोलीत घालवा, धुक्यात नाही.

वेळेचा हिशेब करायला १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला आडाखा अजून चालतो: तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर शंभर मीटरला दहा मिनिटं जास्त. मी नवख्या मंडळींसाठी पाचऐवजी चार धरते. समजा वाट आठ किलोमीटरची आणि चढ साडेतीनशे मीटरचा आहे. चालायला दोन तास, चढाची पस्तीस मिनिटं, चहा-फोटो-बूट सोडणे-बांधणे यांचा एक तास. म्हणजे साडेतीन तासांच्या थोडं वरच झालं. त्यात मावळतीपूर्वीचे दोन तास राखून ठेवा, आणि मग कितीला निघायचं ते ठरवा.

वाट

पहिल्या वेळी डंकरी गेटकडून जा. व्हेडन क्रॉसकडून येणारा अरुंद रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, तिथे गाड्या लावायला जागा आहे. तिथून टोक जेमतेम किलोमीटरभर. रुंद, दगडगोट्यांची, ठळक मळलेली वाट उत्तरेकडे, थोडी डावीकडे कलत वर जाते. लहान मुलं आणि सत्तरीचे आजी-आजोबा रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात पोचतात. पहिल्या दोनशे पावलांत 'हे काय, झालंच की' वाटतं. मग टोक दिसायला लागतं, आणि तिथे गेल्यावर कळतं की ते टोक नव्हतंच, त्याच्यामागे अजून एक आहे. गोल डोंगरांची ही खोडच आहे.

पाय मोकळे झाले असतील तर दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या बाजूने, वेबर्स पोस्टकडून जा. ही वाट लांब आहे, चढ जास्त आहे, आणि मजाही जास्त. खाली ओकचं रान, वर मोकळा मूर, आणि मागे वळून बघितलं की पोर्लॉकचं खोरं आणि त्यापलीकडे समुद्र. अजून चालायचं असेल तर पश्चिमेला स्टोक पेरोचं चिमुकलं चर्च आहे, एक्समूरवरचं सगळ्यात उंचावरचं. १८९७ साली त्याची दुरुस्ती झाली तेव्हा छपराचं लाकूड पोर्लॉकहून झुलू नावाच्या गाढवाने वाहून आणलं. गाढवाचं नाव लोकांनी सव्वाशे वर्षं लक्षात ठेवलंय, याचं मला फार कौतुक वाटतं.

चालताना जमीन वाचायला शिका. हेदर आणि गॉर्स दाट असेल तिथे पाय टाका, ती जमीन बहुधा घट्ट असते. लव्हाळ्यासारखं गवत, कापसाच्या पांढऱ्या झुपक्यांचं गवत, किंवा अगदी पोपटी, गुबगुबीत शेवाळ दिसलं की वळसा घाला. ते शेवाळ गालिच्यासारखं दिसतं आणि गुडघ्यापर्यंत आत घेतं. माझ्या नवऱ्याचा एक बूट असाच गेला होता. पाय बाहेर आला, बूट आला नाही, हात खांद्यापर्यंत घालून काढावा लागला. त्या चिखलाचा वास गाडीला महिनाभर येत होता.

ओढ्यांचंही तसंच. पीट भरलं की वरचं सगळं पाणी थेट ओढ्यात उतरतं. १५ ऑगस्ट १९५२ ला एक्समूरवर एका दिवसात नऊ इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि त्या रात्री खाली लिनमथ गावात आलेल्या पुरात ३४ माणसं गेली. इतकं रोज होत नाही, पण जोराच्या पावसानंतर सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारी तसा राहीलच असं नाही.

धुकं

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही दोघंच होतो, सप्टेंबरचा शेवट. खाली लख्ख ऊन. माथ्यावर चहा ओतेपर्यंत समुद्र दिसत होता, चहा पिऊन होईपर्यंत समुद्र गेला, आणि कप पुसून ठेवतोय तोवर दहा पावलांवरचा नवरासुद्धा राखाडी झाला. घाटात धुकं येतं ते आपण पाहिलेलं असतं, पण घाटात एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला कठडा असतो. इथे चारही बाजू सारख्याच. आवाजही विरतो.

आम्ही निघालो ते 'हीच ना आपली वाट' म्हणत. वाट होती, चांगली पाऊलभर रुंद आणि मळलेली. दहा मिनिटांनी ती अरुंद झाली. मग तिला दोन फाटे फुटले, मग तीन, आणि शेवटी ती एका गॉर्सच्या झुडपापाशी संपली. तिथे एक मेंढी रवंथ करत बसली होती. ती तिची वाट होती. मेंढ्यांच्या वाटा माणसांच्या वाटांपेक्षा सुबक असतात, पण त्या फक्त चाऱ्यापर्यंत जातात.

मग आम्ही अजून एक चूक केली. 'खाली गेलो की कुठेतरी लागेलच' म्हणून उतरत राहिलो आणि एका ओढ्याच्या घळीत शिरलो. इकडे अशा घळीला 'कूम' म्हणतात. तिथे ब्रॅकन छातीपर्यंत आलेला. शेवटी होकायंत्र बाहेर काढलं तेव्हा कळलं, आम्ही गाडीच्या बरोबर उलट दिशेला तोंड करून उभे आहोत. जितकं उतरलो तितकं परत चढलो. दोन तास गेले. काही झालं नाही, पण काही होऊ शकलं असतं, आणि दोष सगळा आमचाच होता.

तेव्हापासूनचा आमचा नियम: धुकं येताना दिसलं की आधी जागेवर थांबायचं आणि ते येऊन पोचायच्या आत नकाशा-होकायंत्राने दिशा ठरवून घ्यायची. डंकरीच्या टोकावरून डंकरी गेट दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे आहे. ती ठळक वाट सुटलीच तर लक्षात ठेवा, डोंगराच्या पूर्व अंगाने डांबरी रस्ता जातो. पूर्वेची दिशा पकडून शांतपणे उतरत राहिलात तर तो आडवा येतो. पश्चिमेला तसा रस्ता जवळपास नाही, नुसता मूर पसरलाय. सगळ्यांनी एकमेकांना दिसत राहायचं. कोणी 'मी पुढे जाऊन बघून येतो' म्हणालं तर त्याचा दंड धरायचा.

वाट खरंच हरवली, कोणाचा पाय मुरगळला, अंधार पडला, तर ९९९ लावा, आधी पोलिस मागा आणि त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातून सोडवून आणणारं पथक, हवंय म्हणून सांगा. थेट ॲम्ब्युलन्स मागितलीत तर ती रस्त्यापर्यंतच येणार. ही मदत फुकट असते, आणि येणारी माणसं स्वयंसेवक असतात. बोलण्याइतकी रेंज नसेल तर ९९९ ला मेसेजही जातो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो: इंग्रजीत 'रजिस्टर' एवढा एकच शब्द ९९९ वर पाठवायचा आणि येणाऱ्या सूचना पाळायच्या. हे आत्ता, हा लेख वाचतानाच करून टाका. शिट्टीची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, मग परत सहा.

चालीरीती

या मूरवर वाट सोडूनही पायी फिरायचा कायदेशीर हक्क आहे, २००० सालच्या कायद्याने दिलेला. तो सहज मिळाला नाही. १९३२ साली, म्हणजे लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं त्याच वर्षी, डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या मूरवर काही शे लोक मुद्दाम घुसले होते. जमीनदारांच्या राखणदारांशी झटापट झाली, काही जण तुरुंगात गेले. आज आपण डबा घेऊन जातो त्यामागे तेही आहे.

हक्क आहे म्हणून काहीही चालतं असं नाही. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. मार्च ते जुलै पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा कुत्रं आखूड दोरीला बांधलेलं हवं आणि मुलांनीही हेदरमध्ये हुंदडू नये. चूल, शेकोटी, बार्बेक्यू अजिबात नाही. पीट पेटलं की आतल्या आत धुमसत राहतं. संत्र्याची साल, शेंगांची टरफलं 'माती होतात' म्हणून टाकू नका, इथल्या थंडीत ती लवकर कुजत नाहीत.

तपकिरी, बुटकी, पिठात तोंड बुडवून आल्यासारखी फिकट नाकपुडीची घोडी दिसतील. ती एक्समूर पोनी. ती माळावर मोकळी फिरतात, पण मालकीची असतात. भरवू नका, शिंगरू आणि त्याच्या आईच्या मध्ये उभं राहू नका. दोन दगड एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज आला तर इकडेतिकडे बघा, आपल्या गप्पीदासाचा भाऊबंद, स्टोनचॅट, गॉर्सच्या शेंड्यावर बसलेला असेल. ॲडर नावाचा विषारी साप इथे आहे, उन्हात वाटेवर पडून राहतो. पायांचा आवाज झाला की स्वतःच निघून जातो, त्याला जाऊ द्या.

आणि शांतता. गडावर पोचल्यावर घोषणा देण्याची आपली रीत मला ठाऊक आहे, मीही दिल्यात. इथे मात्र फोनवर गाणी नको, आरोळ्या नकोत. चाळीस पावलांवर हरणं बसलेली असतात, ती आपल्याला दिसण्याआधी आपण त्यांना ऐकू जातो.

माथ्यावर

टोकावर दगडांचा मोठा गोल रचलेला ढीग आहे. हा डोंगर १९३५ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, सोपवला गेला, त्याची नोंद तिथल्या पाटीवर आहे. 'बीकन' म्हणजे इशाऱ्याचा जाळ. पूर्वी इथे आग पेटवून पुढच्या डोंगराला खबर द्यायचे. स्वच्छ दिवशी उत्तरेला ब्रिस्टल खाडी आणि पलीकडे वेल्सचे डोंगर, दक्षिणेला लांबवर डार्टमूर हा दुसरा मूर. पूर्वेकडच्या सोंडेवर दगडांचे जुने ढीग दिसतात, रॉबिन हाउ आणि जोनी हाउ. ती कांस्ययुगातली थडगी आहेत. तिथला दगड उचलू नका, आणि आपला एक दगड वर ठेवून 'आठवण' पण करू नका.

जेवायला ढिगाच्या वारा नसलेल्या बाजूला बसा. आम्ही बसलो तेव्हा बाबा दिसेनात. पाहिलं तर ते थोडं खाली, हेदरमध्ये ओणवे होऊन काहीतरी वेचत होते. हेदरच्या मधेमधे एक हिरवं बुटकं झुडूप असतं, त्याला मिऱ्याहून थोडी मोठी निळसर काळी फळं येतात. एक्समूरवर त्यांना वर्ट्स म्हणतात. पूर्वी गावातली मुलं उन्हाळ्यात ती वेचून विकायची. करवंदासारखा चीक नाही, काटे नाहीत, चव आंबटगोड. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. "मेंढ्या खात होत्या," म्हणाले. हा काही निकष नव्हे. अनोळखी फळ ओळख पटल्याशिवाय तोंडात घालू नका. पण त्या दिवशी त्यांची जीभ जांभळी झाली होती आणि रागवायला मला जमलं नाही.

खाली आल्यावर

हॉर्नरला बागेत बसून चहा प्यायची जागा आहे, तिथे जॅम आणि क्रीम लावून स्कोन, म्हणजे इथला भाजलेला छोटा पाव, खा. त्यावर जॅम आधी लावायचा की क्रीम आधी, या इथल्या जुन्या वादात पडू नका.

खोलीवर गेल्यावर दोन कामं. बुटांतले तळव्याखालचे सुटे सोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हवेशीर जागी ठेवा. हीटरवर ठेवले तर चामडं तडकतं.

दुसरं काम गोचिडीचं. ब्रॅकन आणि हेदरमध्ये त्या असतात, खसखशीएवढ्या, आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून पँट मोज्यात खोचून चालायचं, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत नीट बघायचं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ, हळू ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल, पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरला दाखवा, आणि कुठे फिरायला गेलो होतो तेही सांगा.

बाबांच्या पोटरीवर एक सापडली. आई लगेच खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. तेल लावायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही, त्याने गोचीड उलट आतलं ओकते, हे मी तिला समजावत होते. बाबा पाय पुढे करून खुर्चीत बसले होते. "उद्या त्या गाढवाच्या चर्चला जायचंय ना?" म्हणाले. "मग काढ लवकर. आणि माझे बूट वाळतायत का बघ."